बदल शून्य, चुका शून्य

८ सप्टेंबर, सोमवार

बोराडे सरांनी आज तिसऱ्यांदा विचारलं. "ते जुने पत्ते उडवले का?" नाही म्हटलं. "मग कशाची वाट बघताय?"

कशाची वाट बघतेय ते मलाही नीट सांगता येत नाही. काम साधं आहे. केजच्या आमच्या हॉस्पिटलची सगळी नोंद रोज पहाटे धारूरच्या दवाखान्यातल्या बॅकअप सर्व्हरवर उतरते. उतरली की तो सर्व्हर निरोप पाठवतो, हिरवा. नाही उतरली तर लाल. हे निरोप नऊ ठिकाणी जातात, त्यातले चार पत्ते आता आपल्या कुणाचेच नाहीत. पेशंटची माहिती बाहेरच्या पत्त्यांवर जाता कामा नये. सरांचं बरोबर आहे.

शिवाय सर म्हणाले, रोजचा हिरवाही बंद करा. "चांगलं चाललंय हे रोज कशाला सांगायचं? बिघडलं तर कळवा."

उद्या यादी करते.

९ सप्टें.

पाठकोऱ्या कागदावर यादी केली. अप्पांनी मला अक्षरं शिकवली तीच मुळी वीज कंपनीच्या पाठकोऱ्या कागदांवर, शाळेत घालायच्या आधी. अजून कोऱ्या वहीत लिहायला हात धजत नाही. ही रोजनिशी सोडून.

नऊ पत्ते. मी, बोराडे सर, ऑफिसची सामायिक मेल, धारूरचे डॉक्टर, पॅथॉलॉजीच्या मॅडम. हे पाच ठेवायचे. जायचे चार: नोकरी सोडून गेलेले दोघं, सर्व्हर बसवून देणारी पार्टी, आणि इंगोले सरांचा मोबाईल.

इंगोले सर म्हणजे माझ्या आधी या खुर्चीवर होते ते. जानेवारीत धारूरच्या घाटात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता. मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांच्या हातची अक्षरं मात्र रोज बघते, केबलींना लावलेल्या चिठ्ठ्यांवर. सुरेख अक्षर.

मेलेल्या माणसाच्या फोनवर आठ महिने निरोप जातोय.

१० सप्टें.

जेवताना अप्पांना सांगितलं, टूलनं पत्ते काढायचेत म्हणून. टूल म्हणजे एका फाइलीत लिहायचं, हा पत्ता हवा, हा नको. ते वाचून टूल स्वतःच सर्व्हरवर तसं करतं. हातानं काढण्यापेक्षा सुरक्षित, कारण आधी रंगीत तालीम करता येते. काय काय उडेल ते दाखवतं, उडवत नाही.

अप्पा उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत भाकरी धरून ऐकत होते. म्हणाले, "खांबावर माणूस हाय का ते कसं बघतंय तुझं टूल?"

"अप्पा, खांब नाहीये तिथं."

"आमी लाईन चालू करायच्या आधी खालून नाव घेऊन हाक मारायचो. एकेकाचं नाव. वरनं 'उतरलो' असं आलं तरच फ्यूज लावायची. तवर फ्यूज खिशात. त्या दिवशी वारं लई होतं. शिंद्यानं हाक मारली, मला ऐकू आली न्हाई. उत्तर आलं न्हाई म्हंजी वर कुणी न्हाई, असं धरलं त्यानं."

गोष्ट शंभरदा ऐकलीय. आईनं माझं ताट पुढं सरकवलं. "जेवू द्या पोरीला."

११ सप्टें.

हाक मारली. नऊही पत्त्यांवर चाचणीचा निरोप पाठवला: मिळाला तर उत्तर द्या. पाचांपैकी पाच उत्तरं आली (बो. सरांचं "कशाला?" असं). सोडून गेलेल्या दोघांतल्या एकाचं आलं: "काढा की बाई एकदाचं!" दुसऱ्याची मेल परत आली. पार्टीकडून फोन, काढा म्हणाले. इंगोले सरांच्या फोनवर पोचला असं दिसतं. उत्तर नाही. कोण देणार.

सव्वाअकराला हॉस्पिटलचं नेट पाच मिनिटं गेलं. नेमकं तेव्हाच. नेटवाल्याला चार शब्द सुनावले. तो म्हणतो आमच्याकडून काहीच बंद नव्हतं. खोटारडा.

१२ सप्टें., शुक्रवार

केलं.

तालमीत तीन पत्ते सरळ निघाले. इंगोले सरांच्या पत्त्याला सर्व्हरनं नकार दिला: हा पत्ता एका नियमात वापरात आहे, आधी नियम सोडवा. नियम उघडून पाहिला. लाल निरोप कुणाला, तर फक्त इंगोले सरांना. बाकी आम्हा आठ जणांना नुसते हिरवे. म्हणजे गेल्या आठ महिन्यांत बिघडलं असतं तर कळलं असतं फक्त एका बंद फोनला. बरं झालं बघितलं.

क्रम ठरवून कागदावर लिहिला. आधी नियमातून त्यांचं नाव काढायचं. मग पत्ता उडवायचा. मग नियमात माझं नाव घालायचं. मग हिरवे बंद. प्रत्येक पायरीनंतर टिक. माझं नाव घालताना टूल म्हणालं: बदल शून्य, चुका शून्य. माझ्या पत्त्यावर चाचणी पाठवली, आली. दोनदा पाठवली, दोनदा आली.

सर म्हणाले, "एवढ्याला पाच दिवस?"

घरी येताना उगाच हलकं वाटलं. आता मेल नाही आली म्हणजे सगळं ठीक.

१५ सप्टें., तलवाडा

शिबिर. बायकांची गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. मला नावनोंदणीला पाठवलंय, शुक्रवारपर्यंत. राहायची सोय इथल्या शाळेत, नर्सताईंबरोबर.

बाई आली की टॅबवर नाव, गाव, वय. टॅब नंबर देतो. तो नंबर काचपट्टीवर चिकटतो, तोच नंबर एका चिठ्ठीवर बाईच्या हातात. नावं टॅबमध्ये राहत नाहीत, थेट केजच्या सर्व्हरवर. सरांना विचारलं होतं, वहीही ठेवू का? "मग टॅब कशाला घेतले?"

तरी आज पाठकोऱ्यावर लिहून ठेवली. चौदा बायका. १ ते १४.

इथल्या आशाताई, लताताई, जबरदस्त बाई. दारातून आत येईना अशा एकीला म्हणाल्या, "अगं, उसाच्या फडात सापाला भेत न्हाईस, डाक्टरनीला कावून भेतीस?" सगळ्या हसल्या. ती आली आत, पण नाव न देता 'परवा येते' म्हणून गेली.

१६ सप्टें.

गर्दी. सव्वीस बायका. वही सोडून दिली. एका हातानं टॅब, एका हातानं लिहिणं जमेना, रांगेतल्या ओरडायला लागल्या. दिवाळीआधी ऊसतोडीला कोयता घेऊन जायचंय त्यांना, वेळ कुणाला आहे.

मेल रोज बघते. काही नाही. ठीक.

१९ सप्टें.

एकूण त्रेसष्ट. संपलं. लताताईंनी सगळ्यांना बजावलं, चिठ्ठी जपून ठेवा. एकीनं तिथंच कमरेच्या पिशवीत तंबाखूबरोबर कोंबली.

मेल नाही. पाच दिवस सर्व्हरचा पडदा बघितला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं बरं वाटलं नाही.

२२ सप्टें., सोमवार

केजचा सर्व्हर मेला. काल दुपारी लाईट गेली, आली ती जोरात आली. अप्पा म्हणतात व्होल्टेज चढलं असणार. दोन्ही डिस्क गेल्या. उघडून वास घेतला, जळका.

मी घाबरले नाही. खरंच नाही. सरांना म्हटलं, "धारूरला सगळं आहे. संध्याकाळपर्यंत परत आणते." तेही म्हणाले, "यासाठीच ठेवलीय तुम्हाला."

२३ सप्टें.

धारूरला शेवटची प्रत १३ सप्टेंबरची.

तेरा.

१४ ते २१, रोज पहाटे लाल. आठही दिवस. धारूरचा सर्व्हर केजला हाक मारत होता, केजकडून उत्तर नव्हतं. नेटच्या डबीतली, म्हणजे राउटरमधली, धारूरकडची वाट १३ च्या रात्रीतच अडकलेली; बाकी नेट चालू, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आठ लाल निरोप तयार झाले आणि कुणालाच गेले नाहीत.

कुणालाच.

२४ सप्टें.

सापडलं. टूलनं मी केलेलं सगळं लिहून ठेवलंय, त्यातच.

नियमातून इंगोले सरांचं नाव काढलं, ते झालं. पत्ता उडवला, ते झालं. माझं नाव घालायच्या वेळी मी चालवली ती फाइल आधीचीच, माझं नाव नसलेली. सर्व्हर आणि फाइल तंतोतंत जुळत होते, म्हणून टूल म्हणालं बदल शून्य. चुका शून्य. मी ते 'सगळं झालं' असं वाचलं. ते सांगत होतं की मी काहीच केलेलं नाही. आणि चाचणी आली ती पत्त्याची. चाचणी नियमातून जातच नाही, सरळ पत्त्यावर जाते. मला माहीत होतं हे. मला माहीत होतं.

कागदावर मात्र चारही खुणा आहेत. माझ्या हातच्या.

हॉस्पिटलची बाकीची नोंद केसपेपरवरून परत भरता येईल. वेळ लागेल, होईल. शिबिराची नाही. शिबिराला कागदच नव्हता.

२५ सप्टें.

पॅथॉलॉजीच्या मॅडमनी बोलावलं. त्यांनी काचपट्ट्या वाचून संपवल्यात. "दोन खराब आहेत. सतरा आणि एक्केचाळीस. लवकर बोलवा, आत्ता धरलं तर बरं होण्यासारखं आहे. नावं द्या."

मी पाठकोऱ्याची घडी उलगडली.

"नावं द्या, मी फोन करते."

"मॅडम, नावं गेली."

त्यांनी चष्मा काढला. दोन्ही काचपट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. 

माझ्या पाठकोऱ्यावर १ ते १४ आहेत. सतरा म्हणजे अजून तीन नावं. अजून तीन ओळी लिहिल्या असत्या तर निदान एक.

२६ सप्टें.

जीपनं धारूरला गेले, सर्व्हर बघायला. दवाखान्याच्या दारात एक बाई उभी. "तुमीच का त्या नव्या मॅडम? मी इंगोलेंची मिसेस."

आत नेलं. बसल्या नाहीत.

"त्यांचं नाव काढलं का तुमी?"

हो म्हटलं.

"मला कुणी विचारलं? फोन माझ्याकडं हाय. रोज सकाळी हिरवा यायचा. लाल आला की मी केजला रशीद मामूला फोन लावायची. त्येंनी शिकवलंवतं मला, ते असतानाच. 'मी गाडीवर असलो तर तू लाव,' म्हणायचे. बारा तारखेपासनं काहीच न्हाई. हिरवा न्हाई, लाल न्हाई. मला वाटलं सुधारलं असंल तुमचं यंत्र."

रशीद मामू आमचे वॉचमन. गेटवर सगळ्यांना दोनदा सलाम घालणारे.

मी विचारलं, चाचणीचा निरोप आला होता का? ११ तारखेला?

"आला की. हिरवा न्हाई, लाल न्हाई, भलताच. वाचून समजंना. मी मामूला म्हणलं, बघा काय झालंय."

परत येऊन मामूंना गाठलं. "हौ बेटा, बाईंचा फोन यायचा. मैन्यातनं चार-पाच वेळा. मी डबी बंद करायचो, धा गिनायचो, चालू करायचो. मंग बाईंचा परत फोन, हिरवा आला म्हणून. त्या दिवशी बी केली. सव्वाअकरा वाजलेवते. तुमी वरनं कुणाला तरी फोनवर लई झापीत होत्या, आवाज खाली आला."

"मला सांगितलं का नाही मामू?"

"मला वाटलं तुमाला ठाऊक हाय. तुमचंच तर काम हाय."

म्हणजे माझ्या हाकेला उत्तर आलं होतं. डबी बंद झाली, चालू झाली, तेच उत्तर. आणि मी नेटवाल्याला शिव्या घातल्या.

आठ महिने हॉस्पिटलची नोंद धारूरच्या एका बाईनं आणि एका वॉचमननं सांभाळली. आणि रोज दहाला सगळं हिरवं बघून मी समजत होते की मीच सांभाळतेय.

२९ सप्टें.

लताताईंना फोन. सगळं सांगितलं, लपवलं नाही. 

"बायकांना काय सांगू म्या?"

"नंबर बघायचाय म्हणा. चिठ्ठी दाखवा म्हणा."

"चिठ्ठ्या! अवो मॅडम, चिठ्ठीत बडीशेप बांधली असंल एखादीनं." मग म्हणाल्या, "या तुमी. घरोघर जाऊ."

अप्पांना रात्री जेवताना सांगून टाकलं. त्यांनी शिंद्याचं नावही काढलं नाही. उलट माझ्या ताटात स्वतःची भाकरी ठेवली. ते जास्त लागलं.

१ ऑक्टो.

बो. सरांनी अहवाल मागितला. मसुदा त्यांनीच करून दिला. "मागील कर्मचाऱ्याने केलेल्या सदोष रचनेमुळे सूचना मिळाल्या नाहीत." सही माझी.

"सर, रचना त्यांची बरोबर होती. मी मोडली."

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? तुम्हाला पडतो. नवी नोकरी आहे तुमची."

कागद पर्समध्ये आहे. सही केलेली नाही. नाही म्हणालेही नाही. भित्री आहे मी.

४ ऑक्टो., तलवाडा

दोन दिवस लताताईंबरोबर. त्रेसष्टपैकी अठ्ठेचाळीस नंबर लागले, माझ्या पाठकोऱ्यावरचे चौदा धरून. एक देवघरात फोटोमागे. एक पोराच्या पुस्तकात. एकीनं पदराच्या गाठीत बांधून साडी धुतलेली, आकडा पुसट, उन्हात धरून वाचला, ५२. प्रत्येक वेळी चिठ्ठी उलगडेपर्यंत सतरा नको, असं वाटतं. मग वाटतं, असू दे, सापडू दे.

सतरा सापडली. नंदा. पस्तिशीची. चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात, कानातल्याबरोबर.

लताताई म्हणाल्या, "मॅडमनी परत बोलवलंय गं, केजला."

"कावून?"

लताताईंनी माझ्याकडे बघितलं. मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. नंदा ऐकत होती. म्हणाली, "मग मुकादमाची उचल घेतल्याली हाय त्याचं?" आणि थोड्या वेळानं, "चिठ्ठी बरी ठिवली म्या."

६ ऑक्टो.

नंदा केजला आली, नवऱ्याबरोबर. मॅडमनी पुढची तारीख लावून दिली. नवरा मुकादमाला सांगतो म्हणाला, यंदा एकटाच जातो.

परत जाताना नंदा गेटवर थांबली. रशीद मामूंनी दोनदा सलाम घातला. ती हसली.

१३ ऑक्टो.

लताताईंचा निरोप. आता साठ झाल्या. चिठ्ठी हरवलेल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच जणींचा नंबर आजूबाजूच्या नंबरांवरून लागला, कोण कुणाच्या मागं उभी होती ते बायकांना पक्कं आठवतं. राहिल्या तीन. एक्केचाळीस त्या तिघींतच. पारूबाई, शोभा, मंगल. तिघीही गेल्या. टोळ्या यंदा लवकर हलल्या.

आज अहवाल लिहिला. माझा. पाठकोऱ्यावर आधी, मग चांगल्या कागदावर. १२ तारखेच्या चारही पायऱ्या, तिसरी झालीच नाही ते, टूल काय म्हणालं आणि मी काय वाचलं ते. इंगोले सरांची रचना चालू होती आणि ती कोण चालवत होतं तेही, दोन्ही नावांसकट. सही करून सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. "हे ट्रस्टींकडे जाईल." म्हटलं, जाऊ दे. 

१४ ऑक्टो.

नियमात दोन नावं घातली. माझं, आणि इंगोले वहिनींचं, त्यांच्या स्वतःच्या नावानं. त्यांना विचारून. "लाल बी आणि हिरवा बी पाठवा," म्हणाल्या. "काहीच न्हाई आलं तर कसं वळखायचं?" निरोपात पेशंटचं अवाक्षर नसेल, फक्त झालं की नाही झालं, एवढंच ठेवलं.

चाचणी पाठवली नाही. मामूंना सांगून खरंच डबी बंद ठेवली आणि नोंद हातानं उतरवायला लावली. लाल तयार झाला. माझ्याकडे आला. वहिनींचा फोन मामूंना आला. मग डबी चालू केली.

२० ऑक्टो.

पारूबाई सापडली, सांगलीकडं. तिथल्या सरकारी दवाखान्यात परत तपासणी झाली. शोभाचीही झाली काल. दोघींचे निकाल यायचेत.

मंगल कर्नाटकात. कारखान्याचं नाव लताताईंना नक्की माहीत नाही. नवऱ्याचा नंबर बंद. मुकादमाचा लागला.

"बाई फडात हाय."

"त्यांना फोन द्या ना."

"आता कुठं बोलवता? कोयता टाकून यायची काय ती? सांगतो म्हणलं ना."

सांगितलं का ते कळायला मार्ग नाही.

२३ ऑक्टो.

ट्रस्टींनी बोलावलंय. पुढच्या आठवड्यात, लेखी. सर माझ्याशी कामापुरतं बोलतात. अप्पा म्हणाले, "सोबत येऊ का?" नको म्हटलं. मग म्हटलं, या, बाहेर बसा.

शोभाचा निकाल आला. स्वच्छ.

२७ ऑक्टो., सोमवार

सकाळी वहिनींचा फोन. "मॅडम, हिरवा आला हो." आता मलाही करतात रोज. मी हो म्हणते. पडद्यावर बघून झालेलं असतं तरी.

पारूबाईचा निकाल आला, दुपारी. तोही स्वच्छ.

मग एक्केचाळीस कोण ते उरतच नाही. मंगल. वय चौतीस. लताताई म्हणाल्या, दारातनं आत येत नव्हती तीच. सापावरून हसलो होतो तीच.

मुकादमाला दुपारपासून सात वेळा फोन लावला. वाजतो. कुणी उचलत नाही. नवऱ्याचा बंदच. मॅडमनी तिकडच्या आरोग्य खात्याला पत्र पाठवलंय. लताताईंचा दीर उद्या त्या बाजूला ट्रक घेऊन जातोय, त्याच्याकडे कागद दिलाय. त्यावर मंगलचं पूर्ण नाव, गावाचं नाव, माझा नंबर, आणि मोठ्या अक्षरात ४१.

आत्ता परत लावला. वाजतोय.